क्षमायाचना खात्याचा मंच

याचना करणारा आणि क्षमा मागणारा, दोघेही नम्रच असतात. म्हणून आमच्या तोंगा द्वीपसमूहात दोघांना मिळून एकच शब्द दिलेला आहे. ‘फाकामोलेमोले’ म्हणजे कृपा करा, आणि ‘फाकामोलेमोले’ म्हणजेच क्षमा करा. यात वाणीची बचत होते व विनय दुप्पट दिसतो. कोणता अर्थ घ्यायचा, हे ऐकणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवावे असा संकेत आहे. ऐकणाऱ्यांच्या या कर्तव्यबुद्धीवरच माननीय केलेपी लोलोहेआ यांची राजकीय कारकीर्द उभी राहिली.

केलेपी आमच्या मोतुलोआ बेटाचे. वादळात बेटाचा धक्का वाहून गेला, पाण्यात नुसते खांब उरले, तेव्हा ते निवडणुकीस उभे राहिले. आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला विरलेली चटई आदराने गुंडाळून त्यांनी कावा नावाचे मुळांचे पेय पिण्याच्या गावबैठकीत उद्गार काढले, “धक्क्याची दशा मी पाहतो आहे. फाकामोलेमोले.” लोकांनी ‘कृपा करा’ असा अर्थ घेऊन मते दिली. पुढे धक्का न बांधता ते पुन्हा आले. चटई तीच होती, वाक्यही तेच. लोकांनी या खेपेस ‘क्षमा करा’ असा अर्थ घेतला आणि त्यांच्यासाठी डुक्कर भाजले.

राजधानीत त्यांना मत्स्य खाते मिळाले. बोटी किनाऱ्यावर कुजल्या, तेव्हा त्यांनी सभागृहात अशी क्षमा मागितली की विरोधकांचेही डोळे पाणावले. एवढी प्रतिभा माशांवर वाया जाऊ नये, म्हणून त्यांच्याकडे बंदरे सोपवण्यात आली. बंदरांचीही गत बोटींसारखीच झाली, आणि क्षमा अधिकच रंगली. मग आरोग्यमंत्री औषधांच्या टंचाईबद्दल आणि शिक्षणमंत्री परीक्षांच्या घोळाबद्दल त्यांच्याकडूनच क्षमा मागवू लागले. कामाचा हा भार पाहून शासनाने स्वतंत्र क्षमायाचना खाते निर्माण केले.

खाते म्हटले की नियम आले. शासनाचे दुःख जनतेस योग्य उंचीवरून दिसावे, यास्तव मंचाविना क्षमा मागण्यास मनाई झाली. मंचाला लाकूड हवे होते. मोतुलोआच्या धक्क्यासाठी खांबांच्या मापाने कापलेल्या फळ्या गोदामात विनाकारण पडून होत्या. त्यांचा मंच झाला. साहजिकच, धक्क्याचे लाकूड मंचासाठी वापरल्याबद्दल खात्याची पहिली अधिकृत क्षमा मोतुलोआच्या वाट्यास आली.

बेटावर केलेपींची आत्या ओफेइना राहत असे. आमच्यात बापाच्या बहिणीचा मान भाच्याहून फार वरचा. तिला एकदा दिलेले परत मागता येत नाही. तिची नात लोसाना गरोदर होती. पाय सुजले होते, आणि परिचारिकेने तिला पुढच्या बोटीनेच मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितले होते. परंतु धक्का नसल्याने बोट प्रवाळाच्या कडेबाहेर थांबे. लाटांतून होडीने जाऊन दोरीच्या शिडीने वर चढावे लागे. लोसानाला उंबरा चढवत नव्हता.

त्याच बोटीने मंत्रिमहाशय आले. त्यांना खांद्यांवरून किनाऱ्याला आणण्यात आले, आणि मंचाच्या फळ्या दोरांनी बांधून तरंगत आणण्यात आल्या. धक्क्याअभावी दुसरा उपाय नव्हता. मंच उभा राहिला. चटई गुंडाळलेले केलेपी त्यावर चढले.

शेजारीण ओफेइनाला कोपराने ढोसून म्हणाली, “काय गं म्हातारे, आज कोणता अर्थ घ्यायचा?”

“आज मी बोलणार,” ओफेइना म्हणाली. “अर्थ त्याला घेऊ दे.”

भाषण संपताच ती मंचापाशी गेली आणि मान लववून म्हणाली, “फाकामोलेमोले, केलेपी. या मंचाबद्दल.”

प्रत्यक्ष आत्या आपली क्षमा मागते आहे, हे पाहून मंत्र्यांनी दोन्ही हात पुढे केले. क्षमा मागण्यात आयुष्य गेलेल्या त्या पुरुषाला ती देण्याचा योग प्रथमच आला होता.

“दिलं गं आत्या,” ते म्हणाले. “सगळ्यांदेखत दिलं.”

“मग उतर खाली. मी मंच मागितला होता.”

सोबत आलेल्या खात्याच्या सचिवांनी शासकीय मालमत्तेविषयीचे कलम सांगून पाहिले. ओफेइनाने शांतपणे समजावले की आत्याला दिलेले परत घ्यायचे, तर भाच्याला तिची क्षमा मागावी लागेल. आणि मंचाविना क्षमा मागण्यास त्यांच्याच नियमाने मनाई आहे. सचिवांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला.

फळ्या जुन्या खांबांवर चपखल बसल्या. बसणारच होत्या. भरतीला बोट लागली आणि लोसाना कोरड्या पायांनी चालत तिच्यावर चढली. मंत्रिमहाशयही कोरड्या पायांनीच परतले, आणि बोटीच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी धक्क्याचे उद्घाटन झाल्याचे घोषित केले.

पुढच्या निवडणुकीत याच कामगिरीवर ते निवडून आले. ओफेइनाचेही मत त्यांनाच पडले. एवढा शिकवून ठेवलेला मंत्री दवडायचा कशाला, असे तिचे म्हणणे पडले.

ज्या देशांत कृपा आणि क्षमा यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत, तेथील मंत्री पहिला शब्द निवडणुकीत वापरतात आणि दुसरा शब्दकोशात सुरक्षित राहतो, असे ऐकतो. तेथील वाचकांनी आम्हांस खुशाल हसावे. केलेपींचे कल्याण असो, आत्याचा आवाज शाबूत राहो, आणि लोसानाच्या लेकीचे पाय सदैव कोरडे राहोत.