चौऱ्याऐंशी राजे

धंद्याला डोकं लागतं, आणि आमच्या घराण्यात ते माझ्या वाट्याला आलं, हे आधीच सांगून टाकतो. लाखनीला माझा लाकडी खेळण्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे मी, डोमा सुतार आणि दोन रंधे. त्यातला एक बिघडलेला. पण बाहेर पाटी आहे!

एकोणऐंशी सालच्या तान्ह्या पोळ्याला मी शंभर नंदी करून घेतले. तान्हा पोळा हा पोरांचा पोळा. चाकांचा लाकडी बैल सजवायचा, दोरीनं ओढत घरोघर न्यायचा आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळवायचे. गावात एकही पोर बैलाविना राहता कामा नये, असा माझा बेत. आणि नेमका त्याच दिवशी पाऊस असा कोसळला की पोरं आपापल्या घरात अडकली आणि बैल माझ्या घरात! सोळा गेले. चौऱ्याऐंशी उरले.

चौऱ्याऐंशी म्हणजे किती, हे घरात ठेवल्याशिवाय कळत नाही. खाटेखाली बैल, माळ्यावर बैल, धानाच्या ढोलीमागे बैल! पाहुण्याला "बसा" म्हटलं की तो आधी खाली बघायचा. माझी बायको मंदा तीन महिने बैल चुकवत चालली. मग एका सकाळी तिचा पाय एका बैलावर पडला. बैलाला चाकं! मंदा हातातल्या वरणाच्या गंजासकट चुलीपासून थेट अंगणात!

ती उठली, पदर झटकला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अजी, आता ऐका! हे साल सराच्या आत बैल गेले नाई, तर मी चालली दिघोरीले, मायच्या घरी! मंग करा बैलांसंगं संसार!"

"अवो, पण आता बैल घेते कोण?"

"मले काय विचारता? डोकं तुमच्यापाशी हाये ना!"

आता आली का पंचाईत! मी आठ दिवस डोकं चालवलं. नवव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. माझा मावसभाऊ ताराचंद नागपुरात एका मिशनच्या शाळेत कारकून आहे. त्याचं अक्षर बारीक, पण मजकूर मोलाचा: 'ईश्वर, आमच्या शाळेत नाताळाआधी विक्री भरते. लोक घरी मांडायला घेतात. माल असा पाहिजे: एक गोठा. आत आई, बाप, बाळ. वर चांदणी. आणि भेटी घेऊन लांबून आलेले तीन राजे. जमतील तेवढे आण.'

मी कार्ड दोनदा मनात आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं.

"डोमा, गोठ्यात काय असते?"

"बैल."

"अन् जोडीची नावं काय असतात?"

"सर्जा अन् राजा."

"मंग?"

डोमाच्या हातातली पटाशी खाली पडली. "अरे बापा! भाऊ, राजे तं तुमच्या घरात भरून पडले हायेत!"

चौऱ्याऐंशीला तीननं भागलं. अठ्ठावीस! बाकी शून्य! शाळेत माझा एकही भागाकार असा सुटला नव्हता. त्याच दिवशी मी ताराचंदला कळवलं, 'अठ्ठावीस गोठे राजांसह घेऊन येतो.'

मंदेनं मात्र शंका काढलीच. "तीन कायले? बैल तं दोन जुपतात."

"लांबून येऊन राहिले ना! एक दमला तर बदली नको?"

"अन् भेटी कोन देते बैलाच्या हाती?"

"हाती नाही, पाठीवर! गोण्या!"

मंदेनं सुई-दोरा काढला. बैल घरातून निघत असतील तर तिनं त्यांना सदरेसुद्धा शिवले असते. जुनं लुगडं फाडून तिनं चौऱ्याऐंशी गोण्या शिवल्या. त्यात लाकडाचा भुसा भरा, असं मी म्हटलं, तर डोमा भडकला.

"देवाच्या लेकराले भेट नेऊन राहिले अन् भुसा भरता? पाप लागन, भाऊ!"

म्हणून मंदेच्या ढोलीतला वासाचा तांदूळ गोण्यांत गेला. मी वीतभर उंचीचे गोठे सांगितले होते. डोमानं ते कोंबड्यांच्या खुराड्याएवढे केले. मी डोक्याला हात लावला, तर म्हणतो, "तीन बैल, दोन मानसं, एक लेकरू. बैलाले शेपटी हलवाले जागा नको?"

बांबूच्या भिंती, वर धानाच्या तणसाचं छप्पर, छपरावर चांदणी. आई नऊवारीत, बाप पागोट्यात. सुरेख! पण अठ्ठावीस गोठे घरात मावेनात, म्हणून अंगणात ठेवले, आणि शेजारच्या पुंडलिकरावांच्या गाईनं त्यातली तीन छपरं खाल्ली! भांडायला गेलो, तर ते माझ्यावरच उखडले.

"तनसाचा गोठा करता अन् गाय खाते म्हनता? मंग काय तिनं त्याले नमस्कार करावा?"

तीन छपरं पुन्हा घातली. विक्रीच्या दिवशी पहाटेच ट्रकमध्ये माल चढवला. मंदा दारात उभी राहून बैल मोजत होती. चौऱ्याऐंशीवा चढला तेव्हा ती लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी मोकळी हसली. "एकबी वापस आनू नका बरं!" म्हणाली.

नागपूरच्या जकात नाक्यावर शिपायानं ट्रक अडवला. "माल काय?"

"चौऱ्याऐंशी बैल, अठ्ठावीस गोठे."

त्यानं ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सकाळी सकाळी घेतली का?" ताडपत्री उचलून दाखवली, तेव्हा कुठं सुटलो.

शाळेच्या मैदानात मी सगळे गोठे ओळीनं मांडले. गर्दी जमली. ताराचंद शाळेच्या मोठ्या सिस्टरना घेऊन आला. सिस्टर केरळच्या, मराठी जपून बोलायच्या. त्यांनी पागोटेवाला बाप पाहिला, नऊवारीतली आई पाहिली, बाळाच्या गालाला बोट लावलं. त्यांचे डोळे भरून आले. मी छाती पुढं काढली.

"फार सुंदर," त्या म्हणाल्या. "पण राजे कुठे आहेत?"

"हे काय, सिस्टर! चौऱ्याऐंशी!"

"हे तर बैल आहेत."

"हो. राजे!"

सिस्टरनी ताराचंदकडे पाहिलं. ताराचंदनं कपाळ बडवलं. "अबे, राजे म्हणजे राजे! मुकुटवाले! मानसं!"

"मग कार्डावर मानसं लिहायचं नाही का? गोठ्यातला राजा मानूस असते हे मी कोनाले विचारू? पुंडलिकरावांच्या गाईले?"

लोकांना गोठा आवडत होता. पण राजांविना कोण घेणार? बघायचे, हळहळायचे आणि पुढं जायचे. मला मंदेची दिघोरीची बस दिसायला लागली! इतक्यात गर्दीतून एक मुलगी ओरडली, "अरे, नंदी!"

मैदानभरची पोरं धावली. त्यांचाही तान्हा पोळा पावसानं खाल्ला होता! "काका, नंदी द्या! काका, तो शिंगाला लाल लावलेला!"

"गोठ्यासकट घ्या," मी विनवत होतो.

"गोठा नको. नुसता नंदी!"

तासाभरात चौऱ्याऐंशी राजे गोण्यांसकट गेले. सगळ्या मैदानात चाकांचा खडखडाट! सिस्टरनी शाळेसाठी एक गोठा ठेवून घेतला आणि माझी समजूत काढली, "पुढच्या वर्षी माणसांचे राजे करून आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक दारात थांबायच्या आधीच मी ओरडलो, "मंदे! एकही बैल वापस आणला नाही!"

मंदा धावत बाहेर आली. ट्रकमधून एक गोठा उतरला. दुसरा उतरला. सातवा उतरला तेव्हा तिनं दाराची चौकट धरली. सत्तावीस गोठे घरात घेतले तेव्हा चूल दिसेना.

"आधी घरात बैल होते, गोठा नव्हता," ती अगदी शांतपणे म्हणाली. "आता गोठे हायेत, बैल नाई."

आणि चारच्या बसनं दिघोरीला गेली. जाताना खिडकीतून एवढंच बोलली, "गोठे निघाले की कार्ड टाकजा."

मी सत्तावीस गोठ्यांमध्ये बसून राहिलो. खरं सांगतो, घर खायला उठलं होतं. एका गोठ्यात आमची कोंबडी अंड्यावर बसली होती, तिचा मला हेवा वाटला. तेवढ्यात डोमा आला. त्याच्या खांद्यावर सागाची फळी.

"भाऊ, रिकामा गोठा बरा दिसत नाई. मी बैल कराले घेतो. एक्क्याऐंशी लागतील."

मी त्याच्या अंगावर ओरडणार होतो. पण तान्हा पोळा आठच महिन्यांवर होता, आणि डोकं... असो. मी त्याला चांगला रंधा दिला.

पंधरा दिवसांनी मंदेला कार्ड लिहिलं: 'गोठ्यांची सोय लागली. लवकर ये.' यात एक अक्षर खोटं नाही!

उलट टपाली तिचं कार्ड आलं. सबंध कार्डावर दोनच शब्द.

'किती बैल?'