चौथ्या मजल्यावरचा पूर

"अख्ख्या उलव्याच्या घशाला कोरड पडली तरी माझ्या घरात पाण्याचा ठणठणाट होणार नाही," असं धर्मराज घरतांनी जाहीर केलं, तेव्हाच त्यांच्या बायकोनं, सरस्वतीनं, कपाळावर हात मारला. उद्या दुरुस्तीसाठी दिवसभर पाणी बंद, असा सोसायटीचा मेसेज आला होता.

पाण्यावरून त्या घरात कधीच एकमत नव्हतं. मुलगा प्रीतम विकतच्या जारचं पाणी प्यायचा. सून प्रियाला टँकरच्या पाण्यानं केस गळतात असा दाट संशय. सरस्वतीला रोज सकाळी येणारा नळ पुरे. धर्मराजांचा मात्र ठाम सिद्धांत होता: आपण भरून, झाकून ठेवलं तेवढंच पाणी आपलं.

त्या संध्याकाळी त्यांनी बादल्या भरल्या, हंडे भरले. मग टोप, कुकर, इडलीपात्र, लाडवांचे डबे, शेवटी प्रीतमचा टिफिन. दाराजवळ दोन विटांवर निळा ड्रम चढवला आणि तोही काठोकाठ भरला. भात कशात लावू, असं सरस्वतीनं विचारलं. एक दिवस पाव खाऊन कोणी मरत नाही, असं उत्तर मिळालं.

सकाळी प्रीतम आणि प्रिया टिफिनशिवाय, तोंडं पाडून कामावर गेली. तेवढ्यात उरणहून सरस्वतीचा भाऊ मारोती आला. त्याच्या हातात जिवंत चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, पिशवी वळवळत होती. चहाचं पातेलं भरलेलं, म्हणून चहा नाही. चिंबोऱ्या ठेवायला परात मागितली, तर तीही भरलेली. मारोती बिचारा शांत माणूस. त्यानं पिशवी ड्रममध्ये मोकळी केली आणि पंख्याखाली जाऊन बसला.

धर्मराज हात धुऊन बाहेर आले, तेव्हा त्यांच्या पिण्याच्या पाण्यात चिंबोऱ्या आरामात फेऱ्या मारत होत्या.

"मारोती, हे काय केलंस?"

"दाजी, घरात तेवढीच जागा दिसली मना."

दाजींनी बाह्या सारल्या आणि खांद्यापर्यंत हात ड्रममध्ये घातला. सगळ्यात मोठ्या चिंबोरीनं नांगीत त्यांचा अंगठा धरला, तो वसुलीला आलेल्या सावकारासारखा. धर्मराज असे मागे उसळले की विटा सरकल्या आणि ड्रम आडवा झाला. पाणी हॉलमध्ये पसरलं, सोफ्याखालून वळलं, उंबरा ओलांडून जिन्याशी गेलं आणि तिथून थेट लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं. मारोती आणि सरस्वती ओणव्यानं चिंबोऱ्या गोळा करत सुटले. लिफ्ट एकदा कण्हली आणि बंद पडली.

थोड्या वेळानं सोसायटीच्या सेक्रेटरी अमिताताई चार मजले चढून, धापा टाकत आल्या. चपला हातात होत्या. त्या ओरडल्या असत्या तर धर्मराजांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी अगदी थकल्या आवाजात सांगितलं, की दुरुस्ती पुढे ढकलली आहे, पाणी नेहमीसारखं आलंय, खालची टाकी भरून वाहतेय. फक्त लिफ्ट आणि पंप एकाच पॅनलवर आहेत, आणि भिजलेलं पॅनल वाळेपर्यंत वायरमन काही चालू करू देत नाही, त्यामुळे गच्चीवरची टाकी रिकामी आणि नळ कोरडे.

"म्हणजे?" धर्मराजांनी विचारलं.

"म्हणजे काका, बिल्डिंगमध्ये पाणी आता फक्त तुमच्याकडे आहे."

हे वाक्य जिन्यातून अमिताताईंच्या आधी खाली पोचलं. बघता बघता दारात रांग लागली. ओतून द्यायला फुरसत कुणाला? लोकांनी भरलेली भांडीच उचलली. कुणी कुकर नेला, कुणी डबे, दुसऱ्या मजल्यावरच्या रंजितानं इडलीपात्र नेलं आणि वर त्यात फार कमी मावतं अशी तक्रार केली. धर्मराज अंगठ्याला फडकं बांधून दारात उभे होते. नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं.

दुपारपर्यंत घर कोरडं पडलं. उरलेल्या दोन रिकाम्या बादल्या घेऊन ते खालच्या टाकीवर गेले आणि मजल्यामजल्याला थांबत, गुडघ्यांना शिव्या देत वर आले. स्वयंपाकघरात बादल्या टेकवतात न टेकवतात तोच खाली पंप घरघरला आणि नळाला धो धो पाणी आलं.

सरस्वतीनं नळाकडे पाहिलं, सिंकमध्ये खरडत असलेल्या चिंबोऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पानी आलं," ती म्हणाली. "आता माजा टोप कोनाच्या घरी हाय, तो शोधून आना."