पावशेर जादा

सोनाळ्याला बदली होऊन मला आठ दिवससुद्धा झाले नव्हते. शाळा सुटली होती आणि मी ओट्यावर बशीतून चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात पन्नाशीतला एक काटक माणूस अंगणात आला, "रामराम गुरुजी" म्हणाला, अंगातला सदरा काढून त्यानं माझ्या खुंटीला अडकवला, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "मारा."

मी मूळचा मेहकरचा. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी मागतो.

"काय मारू?" मी विचारलं.

"सकाळी सतराच्या पाढ्यासाठी जे मारलं ते. छडी आणा. जितक्या जोरानं पोट्ट्याले हाणलं, तितक्याच जोरानं मले हाणा. कमी नाई, जादा नाई."

हे तुळशीराम उस्ताद. गावच्या आखाड्यात कुस्ती आणि लाठी शिकवायचे. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना वेडा समजून मी खूश करायला निघालो. वेड्याला नाही म्हणू नये, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं आहे. आत जाऊन छडी आणली आणि दोन दिल्या. भाजीत मीठ पडलंय की नाही ते पाहावं तसे ते डोळे मिटून उभे राहिले.

"हं. अर्धा शेर. आता सांगा, पोट्ट्यानं तुम्हाले पयले काय मारलं?"

"त्यानं? मला? काहीच नाही!"

"मंग हे सारंच जादा झालं," उस्ताद सदरा घालत म्हणाले. "दोन दिवस त्याच्या मायच्या घरी पाणी भरा."

मी सरकारी नोकर आहे, ट्रेनिंग झालेला आहे, छडी शाळेच्या सामानाच्या यादीत आहे, असं बरंच काही मी त्यांना ऐकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः खांद्यावर घागर घेऊन विहिरीवर गेले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, "हे गुरुजीच्या वाट्याचं हाये. गुरुजीले टाइम नाई." तिसऱ्या घागरीला मी धोतराचा काचा मारून विहिरीवर हजर होतो. अख्खं गाव पाहायला जमलं होतं. सोनाळ्यात माझी ओळख अशी झाली.

उस्तादांचा सिद्धांत असा होता. समोरचा अंगावर आला तर हात उचलायलाच पाहिजे; गुमान मार खाणं म्हणजे त्यांच्या मते दुसऱ्याला वाईट सवय लावणं. पण हात उचलायचा तो त्याचा हात थांबेपर्यंत. थांबला की आपणही थांबायचं. "भागलं ना बे? मंग दुसरी काठी काऊन?" हा त्यांचा प्रश्न पठ्ठे झोपेतसुद्धा बडबडत. ज्याच्या हातात काठी नाही त्याच्यावर काठी उचलायची नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर वार करणाऱ्याला आखाड्याच्या मातीत पाय ठेवू देत नसत. आणि तोंडानं दिलेल्या शिवीला उत्तर तोंडानंच. आता उस्तादांची सगळ्यात मोठी शिवी "अबे लेका" एवढीच असल्यामुळे, शिवीगाळीत त्यांचे पठ्ठे पंचक्रोशीत कोणाकडूनही हरून येत.

रोज सकाळी जोर-बैठका झाल्या की निवाडा असे. बाहेर कोणावर हात उचलला असेल त्यानं पुढं यायचं. ज्यानं मार खाल्ला त्यालाही बोलावणं जाई. उस्ताद सदरा काढून मध्ये उभे राहात. पठ्ठ्यानं आधी समोरच्याचा मार त्यांच्या पाठीवर मारून दाखवायचा, मग आपला. उस्ताद दोन्हींचं वजन करत. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, बाजारात किलो आले होते, पण आखाड्यात मार शेरातच मोजला जाई. "त्याचा तीन पाव, तुहा एक शेर. पावशेर जादा झाला." एका जादा पावशेराला एक दिवसाचं काम. पठ्ठ्यानं मार खाणाऱ्याच्या घरी जायचं आणि तो सांगेल ते करायचं. कडबा तोडायचा, गोठा झाडायचा, भिंत लिंपायची.

पोलीस जमादार महिन्यातून एकदा गावात यायचा, पान खायचा आणि जायचा. इतकी सुखाची नोकरी त्यानं आयुष्यात केली नसेल. गावात भांडण कोणाचंही होवो, दोन्ही बाजूंचा मार पडायचा उस्तादांच्या पाठीवर. एकदा मी त्यांना म्हटलं, "उस्ताद, तुम्ही काहीच न करता वर्षाकाठी गावात सगळ्यात जास्त मार खाता."

"मंग कोणाच्या पाठीवर मोजू गुरुजी? तुमच्या?"

मी विषय बदलला.

या न्यायदानाचा खरा फायदा कोणी उचलला असेल तर गणपतनं. हा गृहस्थ इतका आळशी, की अंगावर बसलेली माशी बायकोला हाक मारून उडवून घ्यायचा. एकदा एका पठ्ठ्याचा धक्का लागून याचा दात हलला आणि दीड शेर जादा ठरला. सहा दिवस फुकट काम झालं. गणपतच्या डोक्यात उजेड पडला. तुरीचं खळं जवळ आलं की तो आखाड्याच्या दाराशी जाऊन उभा राहायचा आणि बाहेर पडणाऱ्या पहिल्या पठ्ठ्याला हलकीशी थापड द्यायचा. तरुण रक्त, एकाला दोन परत यायच्या. तुरी बडवून झाल्या, घर शाकारून झालं, गोठ्याची नवी गव्हाण झाली. एका हंगामात गणपतचं घर पाटलाच्या घरापेक्षा नीटनेटकं दिसायला लागलं.

मग पठ्ठे शहाणे झाले. गणपतनं थापड मारली की "रामराम गणपतभाऊ" म्हणून पुढं जायला लागले. आठवडाभर मारून मारून गणपतचाच हात दुखायला लागला. शेवटी तो तणतणत उस्तादांकडे आला.

"उस्ताद, काय शिकोता तुम्ही? तुमचे पोट्टे मारूनच नाई राह्यले मले!"

उस्तादांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. त्यांनी त्या दिवशी आखाड्यात गूळ वाटला. गणपतलाही दिला.

उस्तादांना घरी कोणी नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. आईबाप लवकर गेले तेव्हा धाकटा भाऊ किसना पाच वर्षांचा होता. त्याला उस्तादांनी अंगाखांद्यावर वाढवला, त्याचं लग्न करून दिलं. आणि मग अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली. घराच्या मधोमध मातीची भिंत उठली आणि शेताच्या मधोमध धुरा, म्हणजे बांध. त्या दिवसापासून किसनानं उस्तादांशी बोलणं टाकलं. का, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि उस्तादांना विचारायची माझी छाती नव्हती.

एकदा मात्र ते स्वतःच बोलले. हुरड्याचे दिवस होते. मला त्यांनी दुपारी शेतात हुरडा खायला नेलं होतं. कणसं भाजता भाजता म्हणाले, "किसनाच्या लहान पोरीले सर्दी झाली वाटते गुरुजी. तीन दिवस झाले, खोकून राह्यली. भिंतीतून ऐकू येते." मी म्हटलं, जाऊन बघून या. ते राख फुंकत म्हणाले, "मले तिथी जायचा हक नाई." एवढ्यात धुऱ्यापलीकडून आरडाओरड ऐकू आली.

आमचं हुरड्यात लक्ष होतं, तेवढ्यात उस्तादांचा बैल दावं तोडून किसनाच्या कापसात शिरला होता. आम्ही धुऱ्यापाशी धावलो. किसना हातात तुतारी घेऊन, म्हणजे बैल हाकायची ती टोकदार काठी घेऊन, धावत आला. उस्तादांशी बोलला काहीच नाही. अकरा वर्षं बोलला नव्हता, तो आता कशाला बोलेल. सरळ उस्तादांच्या खांद्यावर काठी घातली. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा उस्तादांनी मनगट धरलं, हलकेच फिरवलं, काठी काढून घेतली आणि हात सोडून दिला. संपलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. इतकं स्वच्छ काम मी आजवर पाहिलेलं नाही. पण किसना रागानं एक पाऊल मागं गेला, धुऱ्यावरून त्याचा पाय घसरला आणि तो उताणा पडला तो नेमका उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

हाडवैद्यानं फळ्या बांधून सव्वा महिना सांगितला. ऐन वेचणीचे दिवस. घरात एकट्या बायकोचे दोन हात, कापूस फुटून पांढरा झालेला, आणि वर म्हैस व्यायलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवाडा होता आणि उभे होते खुद्द उस्ताद. किसनाला बोलावणं गेलं होतं. तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण तो आला, हात गळ्यात बांधून दाराशी टेकून उभा राहिला. थोरल्या भावाची फजिती पाहायला माणूस मोडक्या हातानंही येतो.

"गुरुजी होते तिथी," उस्ताद म्हणाले. "गुरुजी सांगतीन."

आता मी शिक्षक माणूस. खरं बोलायची संधी वर्षातून एखाद्या वेळी मिळते, ती मी सोडत नाही. मी पुढं होऊन ठणठणीत आवाजात सांगितलं, "किसनानं काठी मारली. उस्तादांनी मारलंच नाही. नुसती काठी काढून घेतली. किसना आपल्या पायानं पडला. जादा काही नाही. शून्य!"

पठ्ठ्यांनी एकच जल्लोष केला. कोणी तरी उस्तादांना उचलायलाच निघालं. माझी छाती चांगली दोन बोटं फुगली, आणि मी उस्तादांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा साफ पडला होता. निर्दोष सुटलेला माणूस इतका दुःखी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"नाई, नाई," ते म्हणाले. "जादा झालं. लय जादा झालं."

"अहो, मी डोळ्यांनी पाहिलं!"

"तुम्ही कालचं पाह्यलं. म्या कालचं नाई सांगून राह्यलो."

उस्ताद किसनाकडे न पाहता बोलायला लागले. "वाटणीच्या दिवशी हा पंचाइतीसमोर म्हणाला, तू माहा बाप नाई. तोंडानं म्हणाला, हातानं नाई. खरंही होतं ते. अन् म्या ह्याच्या थोबाडीत मारली. साऱ्या गावासमोर, बायकोसमोर. एवढा मोठा उस्ताद, अन् बोलण्याले हात उचलला. कितीक जादा झालं ते आजवरी मोजलं नाई कोणी. हा घरातच येऊ देत नाई, तं काम कुठी करू म्या?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस शिक्षेसाठी उभा नव्हता. भावाच्या घरात जायची परवानगी मिळावी म्हणून उभा होता, आणि मी शहाण्यानं त्याला सोडवून ठेवलं होतं.

उस्ताद चालत किसनासमोर गेले आणि त्यांनी गाल पुढं केला. "मार. जितकी तुले बसली तितकी मार. डावा हात तं साबूत हाये ना? मंग सांग किती दिवस येऊ."

किसनानं डावा हात उचलला. मला वाटलं, आता बसते. अकरा वर्षांची बसते. पण त्याचा हात तसाच अधांतरी राहिला आणि खाली आला.

"मले याद नाई," किसना म्हणाला.

"मले हाये," उस्ताद म्हणाले.

दोघंही जमिनीकडे पाहत उभे. मग किसनानं नाक ओढलं आणि दुसरीकडेच कुठंतरी पाहत म्हणाला, "म्हशीची धार पाचाले काढा लागते. नव्या माणसाले लाथ मारते."

"मारू दे."

"मंग उद्यापासून ये, दादा."

उस्तादांसारखा दणकट माणूस तिथंच मातीत मटकन खाली बसला आणि गुडघ्यात तोंड घालून हमसाहमशी रडायला लागला. किसना दारातून हलला नाही. आणि आम्ही सगळे शूर लोक, कोणाकडे बघावं ते न सुचून, आपापली काठी धोतराला पुसत उभे राहिलो.