निर्दोष तक्रार

सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पिऊन निघालेले सर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकले, तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सर म्हणजे पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. दुकानाच्या पाटीवर स्पेलिंगची चूक दिसली, तर आत शिरून मालकाला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

बिल्डिंगचा सेक्रेटरी त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने लिफ्टच्या कंपनीला फोन लावला, तर तिकडची मुलगी म्हणाली, तक्रार इंग्रजीत मेल करा.

"सर, लगेच पाठवतो!" तो दाराच्या फटीशी तोंड नेऊन ओरडला.

"आधी वाचून दाखव," आतून आवाज आला.

त्याने वाचलं.

"पहिल्या वाक्यात क्रियापदच नाही. खोड ते."

"सर, अहो तुम्ही आत आहात!"

"मी कुठेही असेन. माझ्या नावाने अशुद्ध इंग्रजी बाहेर जाणार नाही. 'इमिजिएटली'त एम किती घातलेस?"

"एक. अजून घालू?"

"विचारतोस काय? दोन!"

सरांच्या पत्नी जिन्यात उभ्या होत्या. त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. "अहो, पाठवू दे ना त्याला तसंच! किती पाणी प्यायलात ते आठवतंय ना?"

"आठवण करून देऊ नकोस!" सर कळवळले.

तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी आतून येरझाऱ्यांचा आवाज येऊ लागला. दोन पावलं तिकडे, दोन पावलं इकडे. तरीही शेवटचा स्वल्पविराम जागेवर बसेपर्यंत सरांनी दम धरला. पावणेअकराला मेल गेला आणि पाच मिनिटांत उत्तरही आलं.

"वाच मोठ्याने," सर घाईने म्हणाले.

सेक्रेटरीने वाचलं. आपलं सुरेख पत्र मिळालं, सात दिवसांत त्याचा विचार करू, असं कंपनीने कळवलं होतं.

"इंग्रजी कसं आहे?"

"एकही चूक नाही, सर."

यावर आतून जो आवाज आला, तो कुठल्याच भाषेतला नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि हत्यारांची पिशवी घेतलेला मेकॅनिक हजर झाला. दहा मिनिटांत त्याने लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उतरवली. दार उघडताच सर कोणाकडेही न बघता थेट समोरच्याच सेक्रेटरीच्या घरात घुसले. परतले, तेव्हा चेहऱ्यावर अपार शांती होती.

"माझा मेल वाचून आलात ना?" त्यांनी मेकॅनिकला विचारलं.

"कसला मेल? मला हा मेसेज आला." त्याने मोबाइल पुढे केला. "वाटलं, कोणीतरी फार घाबरलंय. हातातलं काम टाकून निघालो."

सरांनी चष्मा लावला. 'लिफ्ट स्टॉप. माय हजबंड इनसाइड. ही ड्रिंक मच वॉटर. प्लीज कम.'

"मीच पाठवला," पत्नी चाचरत म्हणाल्या. "लिफ्टच्या दारावर या मेकॅनिकचा नंबर होता. फोन उचलेनात, म्हणून जमेल तसं लिहिलं. किती चुका आहेत?"

सवयीने सरांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला होता. त्यांनी मेसेज पुन्हा एकदा वाचला, पत्नीकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम भरून आलं.

"एकही नाही," ते म्हणाले.

सेक्रेटरीने मान पुढे करून वाचलं. "पण सर, या 'ड्रिंक'चा भूतकाळ..."

"तू खाली बस," सर म्हणाले.

आणि तो जिन्याच्या पायरीवर मुकाट बसला.