न्हाणीतली बेडफोर्ड

"फक्त न्हाणी तोडा. माह्या सयपाकखोलीले हात लावला तं याद राखा," एवढं बजावून मनकर्णाबाई सकाळच्या एसटीने चंद्रपूरला बहिणीकडे गेल्या. ओट्याला नवी टाइल लागून आठवडाच झाला होता.

नानाजी म्हणजे त्यांचे यजमान, भद्रावतीचे निवृत्त ट्रकड्रायव्हर. पस्तीस वर्षं त्यांनी अहेरीच्या जंगलातून बांबू वाहिला. न्हाणी पाडायला मजूर लावणं त्यांना कमीपणाचं वाटलं. मदतीला शेजारचा कमरुद्दीन मिस्त्री आला. त्याने आयुष्यभर दुरुस्तीसाठी ट्रक उघडले. त्यातले बंद किती केले, यावर गावात एकमत नाही.

घनाच्या दहा घावांत न्हाणी आडवी झाली. धूळ बसली तसा उरलेल्या भिंतीच्या माथ्यावर गर्डर दिसला. नानाजींच्या वडिलांनी भंगारातून आणलेला, कुठल्याशा जुन्या ट्रकच्या चेसिसचा लांबलचक दांडा. न्हाणीतून निघून तो सयपाकखोलीच्या भिंतीत शिरला होता आणि पार झोपायच्या खोलीपर्यंत गेला होता.

"बेडफोर्ड!" नानाजींनी टोपी काढली. "अस्सल विलायती. आलापल्लीच्या चढावर वाघ दिसला का हिचा दुसरा गियर आपोआप पडे."

कमरुद्दीनने बोटाने गंज पुसला. "काऊन बिचाऱ्या बेडफोर्डले बदनाम करून राह्यले, नानाजीभाऊ? हे लेलँड होय. सोमवारी ब्रेक दाबला तं बुधवारी थांबे, पण थांबली का मंग हत्ती लावला तरी हाले नाई."

"हे गोल डोक्याचे रिबीट पाहा, रिबीट!"

"रिबीट राहू द्या. स्प्रिंगच्या पाट्याचं ब्रॅकेट दाखवा मले."

ब्रॅकेट हातभर पुढे, म्हणजे सयपाकखोलीच्या भिंतीत होतं.

"एकच वीट काढू," नानाजी म्हणाले. "एका विटेनं भिंतीले काय समजते?"

वीट निघाली. ब्रॅकेट दिसलं, पण कुण्या वेल्डरने त्यावर इतकं वेल्डिंग थापलं होतं, की ते ब्रॅकेट आहे की वारूळ तेच कळेना.

"गियरबॉक्सची आडवी पट्टी पाह्यली का बात खतम," कमरुद्दीन म्हणाला.

पट्टी आणखी तीन फूट आत. तिथे मसाल्याच्या डब्यांची फळी होती. दोघांनी डबे मनकर्णाबाईंच्याच क्रमाने पलंगावर मांडले. आपण भिंत पाडतो आहोत असं त्यांना अजूनही वाटत नव्हतं. ते फक्त ट्रक शोधत होते.

दुपारी पट्टी सापडली. सरळ असती तर बेडफोर्ड, वाकडी असती तर लेलँड. ती तुटलेली होती.

"अजून एक हाणा," कमरुद्दीन म्हणाला.

नानाजींनी हाणला. भिंतीने जरा विचार केला आणि ती नव्या ओट्यावर बसली. नळ तुटला, फवारा थेट कौलांना लागला. छप्पर खाली येऊ नये म्हणून दोघांनी घाईघाईने दोन बल्ल्यांचा टेकू दिला.

"कमरुभाई, पाचच्या एसटीनं घरधनीन वापस येते."

"मंग मी निघतो. घरवाली कनीज वाट पाहून राह्यली असन."

"बसा इथीच! लेलँड तुमची होती."

तेवढ्यात मनकर्णाबाई दारात. नानाजींनी घन पाठीमागे लपवला. घन काही लपण्याची वस्तू नाही.

"हे काय होय?"

"बेडफोर्ड," नानाजी.

"लेलँड," कमरुद्दीन.

बाई पुढे झाल्या. विटांच्या ढिगावर चढल्या, पदराने गर्डर पुसला, नाक लावून न्याहाळला.

"दोघंयी लबाड! हे ऑस्टिन होय. माह्या बाबानं बारा वर्सं हाकलली. ऑस्टिनचा चेसिस नंबर दुसऱ्या टोकाले रायते."

दुसरं टोक झोपायच्या खोलीच्या भिंतीत होतं. बाईंनी पिशवी डब्यांशेजारी ठेवली आणि पदर खोचला.

"आना तो घन इकडे."

"अवो, छप्पर पडन!" नानाजी घन खाली टाकून, हात पसरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

कमरुद्दीनही शेजारी चिकटला. "मानलं, भाभी! ऑस्टिनच हाय! अल्ला कसम, ऑस्टिन!"

"सकाळपासून बेडफोर्ड-लेलँड करून राह्यले, अन् आता म्हणे मानलं." बाईंनी घन उचलला. "सरका. माह्या बाबाच्या इज्जतीचा सवाल हाय."