मोकळ्या सीटचा धूर

आमच्या गावच्या आण्णा कंडक्टरांना मोकळी सीट बघवत नाही. काही लोकांना रक्त बघवत नाही, तसंच हे. लग्नाच्या पंगतीत मध्येच एक जागा रिकामी दिसली, की ते "पुढं सरका, पुढं सरका" करत अख्खी ओळ हलवतात. जेवणारे आपापलं ताट उचलून सरकतात, कारण आण्णांशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं असतं. एकदा मिरजगावला मयताला निघालेल्या जीपमध्ये तीन जागा शिल्लक होत्या, तर फाट्यावर उभे असलेले तिघे त्यांनी आत घेतले. त्यातल्या एकाला कोण गेलंय हे तिथं पोचल्यावर कळलं. पण तोही बिचारा चांगला रडला म्हणतात.

आण्णांची सगळी नोकरी जामखेड-पाथर्डी भागात एसटीत तिकिटं फाडण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा पिशवी आणि बिल्ला त्यांनी डेपोत जमा केला, कंडक्टर मात्र घरी घेऊन आले. अजूनही कुठलीही गाडी त्यांच्यासमोर थांबली, की टपावर हाताने एक थाप म्हणजे 'थांब' आणि दोन थापा म्हणजे 'सुट'. दोन थापा पडल्याशिवाय गाडी हलवलेली त्यांना चालत नाही. आमच्या सरपंचांनी नवीन गाडी घेतली तेव्हा टपावरचा पहिला पोचा आण्णांचा होता.

तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेत विषय निघाला, की यात्रा कमी धुराची करायची. चैत्रात आमच्या भैरवनाथाची यात्रा भरते. पोटासाठी पुण्याला, भोसरीला, चाकणला गेलेलं निम्मं गाव त्या दिवशी परत येतं, आणि ज्याची त्याची स्वतंत्र गाडी. फाट्यापासून देवळापर्यंत गाड्यांची रांग लागायची. पालखी त्या धुरातून निघायची आणि पुजारी आरतीत खोकायचा. ग्रामसेवक तरुण आणि शिकलेला. त्याने कार्बनचा ठसा, हवामान, तापमान असं बरंच समजावून सांगितलं. माणसं माना डोलवत होती. मागून आण्णा उठले.

"सायेब, तुमी लई लांबून सांगताय," ते म्हणाले. "एक मानूस बसला तरी गाडी तेवढाच धूर सोडती, पाच बसले तरी तेवढाच. मोकळी सीट म्हंजे फुकटचा धूर. बास."

दारूकाम बंद झालं. महाप्रसादाला, मागाहून जाळाव्या लागणाऱ्या पत्रावळींऐवजी घरून ताट-वाटी आणायची असं ठरलं. गाड्यांचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते आण्णांना दिलं. आपण काय देतोय याची सभेला कल्पना नव्हती.

आण्णांनी दोनशे पानी वही घातली. फाल्गुनापासून फोन सुरू. "तुज्या गाडीत किती सीट? मानसं किती? उरल्या किती?" मग कुणाच्या गाडीत कोण हे तेच ठरवणार, आणि त्यात बदल नाही. भोसरीचे दत्तू आणि संपत हे चुलतभाऊ बांधावरून सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आण्णांनी दोघांना एका गाडीत घातलं. सगळा गाव फाट्यावर निकाल ऐकायला उभा. गाडी आली, दोघे दोन दारांनी उतरले.

"बोलले का?" मी आण्णांना हळूच विचारलं.

"शिक्रापूरला पंक्चर झाली. पान्याबद्दल बोलले," आण्णा म्हणाले आणि वहीत खूण केली. पुढच्या वर्षी ते दोघे आपणहून एकत्र आले.

मी हडपसरला राहतो. माझ्या गाडीत मी, बायको, मुलगी आणि मुंढव्याच्या गंगूमावशी. मावशींना गाडी लागते, त्यामुळे मागची उजवी खिडकी त्यांची. डावी खिडकी मात्र आण्णांनी राखून ठेवायला लावली. "तितं कोनी बसायचं न्हाई. पॅसेंजर सांगतो." आणि आदल्या दिवशी संध्याकाळी फोन: "पॅसेंजर न्हाई येत. पन सीट तशीच ठेव, ऐन वक्ताला आला तर." त्यामुळे माझी मुलगी तीन यात्रा मधल्या सीटवर बसून आली. एका बाजूला पिशवी धरून बसलेल्या गंगूमावशी आणि दुसऱ्या बाजूला रिकामी खिडकी. तिचा यात्रेवरचा विश्वास डळमळीत झाला आहे.

यंदा फाट्यावर आण्णा वही घेऊन उभे होते. टपावर एक थाप पडली, मी काच खाली केली आणि गमतीत म्हणालो, "आण्णा, तिसरं वर्ष. मोकळी सीट म्हणजे फुकटचा धूर."

मला वाटलं, ते उलट दोन शब्द सुनावतील. पण ते वाकून त्या मोकळ्या खिडकीकडे बघत राहिले आणि दोन थापा देऊन मागच्या गाडीकडे गेले.

पालखी झाली. यंदा पुजारी खोकला नाही. देवळामागच्या मैदानात पूर्वी गाड्या मावत नसत, तिथं निम्म्या जागेत पोरांचा क्रिकेटचा डाव रंगला होता. जेवणं उरकल्यावर आण्णांनी मला घरी बोलावलं. घरात ते एकटेच असतात. वही उघडून त्यांनी माझं पान दाखवलं. तिन्ही वर्षी डाव्या खिडकीपुढे एकच नाव होतं. सुनील. त्यांचा मुलगा.

सुनीलही हडपसरला असतो, माझ्यापासून दोन चौक पलीकडे. निवृत्तीनंतर आण्णा त्याच्याकडे राहायला गेले होते. रोज सकाळी सोसायटीच्या गेटवर उभे राहून ते एकट्या माणसाची गाडी अडवायचे आणि आत दुसऱ्याला बसवायचे. तक्रारी आल्या. एक दिवस सुनील सगळ्यांसमोर म्हणाला, "आण्णा, लोक हसतात मला." आण्णांनी पिशवी भरली आणि पहिल्या एसटीने परत आले. एवढंच झालं होतं.

"मग त्याला फोन केला का कधी?" मी विचारलं.

"न्हाई. तोच इचारंल म्हनलं, आण्णा, कुनाच्या गाडीत हाय माजी सीट?"

"आण्णा, तुम्ही दत्तू-संपतला एका गाडीत बसवलंत."

"दुसऱ्याचं जमतंय रे," ते म्हणाले. "खिडकी मातुर त्याला लागती. ल्हानपनापास्नं."

मला माझ्या त्या थट्टेची लाज वाटली. साऱ्या गावाला शेजारी मिळवून देणारा माणूस स्वतःच्या पोराला एक फोन करू शकत नव्हता, आणि मी त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं होतं.

परतताना आण्णा फाट्यावर हजर होते. हातात कापडात बांधलेला पितळी डबा. त्यांनी मागचं डावं दार उघडलं, डबा खिडकीच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला.

"पुरनपोळ्या हायेत. देवाचा नारळ हाय. मोकळी सीट न्यायची न्हाई," ते म्हणाले. "सुनीलच्या दारात उतरव."

"काही सांगायचं का त्याला?"

त्यांनी दार लावलं. डब्याचा पट्टा नीट बसलाय का, ते काचेतून वाकून बघितलं.

"मोकळा डबा कुनाच्या हाती धाडायचा न्हाई म्हनावं. सोता आनून द्यायचा."

मग टपावर थाप पडली. एकच. मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. आरशात बघितलं, तर आण्णा टपावर हात ठेवून तसेच उभे. मागं चार गाड्या खोळंबल्या होत्या, पण कुणी हॉर्न दिला नाही.

बऱ्याच वेळाने दुसरी थाप पडली, अगदी हलकी, आणि मी गाडी सोडली.