चेअरमनसाबांची पेंडतुला

“सुंदरराव चेअरमनची जबान हाय ही! नारायणगडाची आन घेऊन सांगतो, आजपासून बिडी बंद! बंद म्हंजी बंद! आन पाडव्याला माझी पेंडतुला करा. माझ्या वजनाइतकी सरकी पेंड, गावातल्या हरेक दावणीला!”

चारा छावणीतल्या बाजेवर उभं राहून सुंदररावांनी ही गर्जना केली, तेव्हा त्यांच्या पाठीमागं कडब्याच्या गंजीतून अजून धूर निघत होता.

तो धूर त्यांच्याच बिडीचा होता, हे सांगायला नकोच! दुष्काळ असा की विहिरीत वाकून हाक मारली तर विहीर दोनदा उत्तर द्यायची. सुंदररावांची गाय सोडली तर गावातली झाडून सगळी गुरं छावणीत, आन छावणीत कडब्याची गंज एकच. दूध संस्थेचे चेअरमन म्हणून सुंदरराव पाहणीला आले, गंजीला टेकून ऐटीत उभे राहिले आन थोटूक मागं फेकलं! जिच्या तोंडाला अख्खं गाव भ्यायचं त्या छबुबाईंनी टँकरच्या रांगेत भांडून मिळवलेली घागर गंजीवर ओतली आन मग तोंड उघडलं. ते तोंड बंद करायला एवढी मोठी घोषणा करावी लागली. शिवाय पाडवा झाला की संस्थेचं इलेक्शन!

पण घोषणा करताना सुंदररावांनी डोकं घरी ठेवलं नव्हतं. अख्ख्या तालुक्यात त्यांच्याएवढा किडकिडीत पुढारी नव्हता. सदरा खुंटीला अडकवलाय की सुंदररावांच्या अंगात आहे, हे लांबून कळायचं नाही. वावटळ उठली की त्यांच्या मंडळी, केशरबाई, आधी वाळवण आत घ्यायच्या, मग नवरा.

त्याच संध्याकाळी, संस्थेत कुणी नाही बघून, ते दुधाचे कॅन मोजायच्या काट्यावर चढले. हा काटा मोठा लाजाळू. दहा लिटर दूध ठेवलं तर नऊ म्हणायचा. “घरून तर मोजून आणलंतं की!” असं कुणी म्हटलं की सुंदरराव झुरका मारून म्हणायचे, “फेस आसंल बाबा त्यो! फेस बसला की दूध कमी भरतंच!” काट्याला हे लाजणं कुणी शिकवलं, हे फक्त सुंदररावांना ठाऊक होतं. पण इतकी वर्षं लोकांना पटवता पटवता ते त्यांना स्वतःलाही पटलं होतं.

“शेहेचाळीस! तेबी चपला धरून!” सुंदरराव काट्यावरच नाचले. लगेच कडा गावच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला फोन गेला. सगळ्या दावणींना पुरून, वर आपल्या राणीला, म्हणजे त्यांच्या जर्सी गाईला, आषाढापर्यंत उरेल एवढ्या पेंडीची पोती गोदामात येऊन पडली. पुण्य मिळणार, मतं मिळणार, आन राणीची सोयही होणार! सुंदररावांनी खुशीत बिडीसाठी कानावर हात नेला. कान रिकामा!

तिथून खरा घोळ सुरू झाला.

बिडी सुटली, पण तोंडाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तोंड आपलं कामाला बसलेलंच! केशरबाईंनी उपाय म्हणून कानावर बिडीच्या जागी गाजर खोचून दिलं. एक गाजर दुपारपर्यंत पुरंना. मग खिशात फुटाणे आले, फुटाण्यांच्या सोबतीला शेंगदाणे आले, शेंगदाण्यांना एकटं वाटू नये म्हणून गूळ आला. आन आठवड्याभरात एक भयंकर गोष्ट झाली. सुंदररावांना चव कळायला लागली!

“केशर, आज आमटीत काय टाकलंस गं?”

“रोज टाकते तेच.”

“न्हाई, न्हाई! कायतरी येगळं हाय. लई भारी झालीय!”

“लग्नापासून हीच आमटी करते मी,” केशरबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. “तुमाला आज सापडली!”

मग काय! एवढ्या वर्षांची आमटी भरून काढायची होती. भाकरी चुलीवरून थेट ताटात, ताटातून थेट चेअरमनमध्ये! सदऱ्याचं एक बटण टप्पकन उडून समोर बसलेल्या मांजराला लागलं. मांजर त्या दिवसापासून शेजारी राहायला गेलं.

हे बटण प्रकरण बंकटच्या कानावर गेलं. बंकट म्हणजे गावातला अव्वल नंबरचा इरसाल माणूस. संस्थेत रोज दूध घालायचा आन ‘फेसा’वरून रोज हुज्जत. त्यानं त्रिंबकच्या हॉटेलात बैठक घेतली.

“त्रिंबक, तुला गणित येतं का बे?”

“चहाचं येतं.”

“मग ऐक. चेअरमन एक किलो वाढला तर दावणीला पेंड किती वाढली?”

“एक किलो.”

“कोनच्या दावणीला?”

त्रिंबकच्या हातातला झारा हवेतच थांबला. “हरेक दावणीला! आगं माय! म्हंजी चेअरमन न्हाई, दुभती म्हैसच की!”

“आता कळलं? मग घाल त्याला आंबोण!”

दुसऱ्या दिवसापासून गावाला सुंदररावांचं असं प्रेम आलं की विचारू नका. ज्यांच्या घरात चहाला दूध नव्हतं, त्यांच्या घरून धपाटे यायला लागले. सुंदरराव रस्त्यानं निघाले की दोन्ही बाजूंनी हाका! “चेअरमनसाब, शेंगपोळी केलीय!” “चेअरमनसाब, नुसता हात तरी धुवा!” त्रिंबक भज्यांची ताटली पुढं सरकवून हात जोडायचा. “तुमच्यासाठी कसला हिशेब, मालक? तुमी खाल्लं की आमच्या गुरांचं पोट भरतं.”

“वा! काय बोलला!” सुंदररावांचे डोळे भरून आले. नाही कुणाला म्हणणार? मतदाराच्या घरचा घास परत कसा करायचा? ते घरी येऊन केशरबाईंना म्हणाले, “इलेक्शन खिशात बघ! गाव जीव टाकतंय माझ्यावर!”

“खिसा हाय कुठं?” केशरबाई म्हणाल्या. “कालच उसवला.”

असं चालता चालता शिमगा आला. एका दुपारी सुंदरराव हॉटेलच्या मागच्या बाजूनं हात धुवायला गेले, तेव्हा आतून बंकटचा आवाज आला.

“छबुबाई, तुमचा हात आखडायला लागलाय बरं का. काल तुमी त्याला नुसती ठेचा-भाकर दिली.”

“घरात तेल न्हाई रे!”

“तेल माझ्याकून न्या! पाडवा तोंडावर आलाय. गुरांकडं बघा जरा!”

सुंदररावांच्या हातातला तांब्या गळून पडला. धावत, म्हणजे जमेल तसं डुलत, ते संस्थेत गेले आन काट्यावर चढले. काटा एकसष्ट म्हणाला! राणीची सगळी पोती त्यांच्या डोळ्यांपुढून उठून लोकांच्या दावणीकडं चालत गेली.

“केशर! मला बारीक कर!”

“मी काय सुतार हाय का, रंधा मारायला?”

मग सुंदररावांनी ठरवलं, पळायचं! पहाटे कुणी उठायच्या आत, कानावर गाजर खोचून, ते वेशीतून बाहेर पळत सुटले. पण आमच्या गावात त्या साली माणूस एकाच कारणासाठी पळायचा. पारावर झोपलेल्या म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला, चेअरमनला पळताना बघितलं आन आरोळी ठोकली, “टँकर आला रे!”

हंडे, कळश्या, घागरी, पिंप! अख्खं गाव मागं सुटलं. सुंदररावांनी वळून बघितलं, तर हजार भांडी अंगावर येताहेत! त्यांना वाटलं, पुन्हा गंज पेटली आन नाव आपल्यावर आलं. ते आणखी जोरात पळाले. गावाला वाटलं, टँकर निघून चालला. गावही आणखी जोरात पळालं! शेवटी पुलावर सुंदरराव आडवे झाले.

“कुठंय टँकर?” छबुबाई धापा टाकत म्हणाल्या.

“टँकर न्हाई... मी... व्यायाम करत व्हतो!”

“टँकर सोडून दुसऱ्या कशासाठी पळायचं न्हाई गावात! लाज वाटती का काही? दमलात ना? घ्या!” आन त्यांनी पदराला बांधलेल्या दोन पुरणपोळ्या काढून हातावर ठेवल्या.

पळणं बंद झालं. मग उपास धरला. सोमवार केला, गुरुवार केला, एकादशी केली. पण उपास आहे कळताच गावानं साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचे लाडू आन वर केळी पाठवली. उपासानं काटा आणखी एका घरानं पुढं सरकला. शेवटचा उपाय उरला. बिडी! एक बंडल फुंकलं की मांस आपोआप झडेल, असा हिशेब करून ते गोठ्यात राणीच्या आडोशाला बसले आन काडी ओढली. काडीच्या उजेडात समोर केशरबाई!

“वढा, वढा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पर नारायणगडाची आन मोडली तर मी उद्याच्या यष्टीनं धर्मापुरीला माहेरी. आन जाताना गावाला सांगून जाईन, कशापायी चाललेय ते.”

काडी बोटापर्यंत जळाली. सुंदररावांनी बिडी राणीपुढं टाकली. राणीनंही ती हुंगून तोंड फिरवलं.

पाडव्याला देवळापुढच्या लिंबाला भला मोठा तराजू टांगला होता. ढोल, हलगी, मांडव, सगळा थाट! सुंदरराव मात्र ऐन थाटात धोतर आन बंडीवर आले. टोपी घरी, चपला घरी, अंगठी घरी. केससुद्धा बारीक करून आले होते! सकाळी संस्थेत जाऊन काटा बघून आले होते. पोटावर दोन दिवस दगड ठेवून एकसष्टाच्या आत थांबवलं होतं. तेवढं दिलं तरी राणीची थोडी पोती वाचत होती.

ते पारड्यात बसले. दुसऱ्या पारड्यात पेंड पडायच्या आधी बंकट माईकवर आला. “तुलेच्या आधी चेअरमनसाबांचा सत्कार!”

मंडळी, सत्काराला नाही म्हणालेला पुढारी तुम्ही बघितलाय का? प्रत्येक दावणीचा मालक आला. हार, फेटा, शाल, नारळ! नारळांचा ढीग मांडीवर, हार नाकापर्यंत. पारडं बसलं जमिनीला.

“काढा! समदं काढा!” हाराच्या आतून सुंदरराव ओरडले. “आधी निस्तं वजन!”

“जशी मर्जी!” बंकट इतक्या चटकन हो म्हणाला, तेव्हाच सुंदररावांनी ओळखायला पाहिजे होतं. हार निघाले, नारळ निघाले. समोर पेंड पडू लागली. एकसष्ट किलो झाली. सुंदरराव वर उठायच्या तयारीत सावरून बसले.

पारडं हललंसुद्धा नाही!

बासष्ट. चौसष्ट. सहासष्ट. सुंदरराव घामानं भिजले. सदुसष्टला बूड जरा जमिनीवरून सुटलं. अडुसष्टला पारडी समोरासमोर आली आन हलगी कडाडली.

“खोटं हाय!” सुंदररावांनी पारड्यातच उभं राहून बोंब मारली. “सकाळी संस्थेच्या काट्यावर एकसष्टच्या आत व्हतो मी! ह्यो तराजू खोटा हाय!”

हलगी थांबली. बंकटनं माईक तोंडाजवळ नेला आन अगदी लाडात विचारलं, “चेअरमनसाब, हा तराजू आमी कड्याच्या बाजारातून शिक्का मारून आणलाय. पण तुमी म्हणत आसाल तर दोन्ही काटे हितंच, गावापुढं, तपासू. एक तर खोटाच आसंल की! ह्यो... न्हाईतर ज्याच्यावर आमी रोज दूध घालतो, त्यो. बोला, कोनचा खोटा?”

छबुबाईंनी बाह्या सरसावल्या. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला सगळ्यात आधी उमगलं आन त्यानं काठी उचलून घेतली. इलेक्शन चार दिवसांवर होतं.

सुंदररावांनी गावाकडं बघितलं. पेंडीकडं बघितलं. लांब गोठ्यातून राणी हंबरली.

“न्हाई, न्हाई... काटे दोन्ही बरोबर हायत,” ते पारड्यात हळूच खाली बसले. “मीच... सकाळपासून जरा जाड झालो आसंल.”

“फेस आसंल, चेअरमनसाब!” बंकट म्हणाला. “फेस!”

गाव असं हसलं की लिंबावरचे कावळे थेट छावणीत जाऊन बसले! मग प्रत्येक दावणीला भरभक्कम अडुसष्ट किलोप्रमाणं पेंड गेली. गोदामात केरसुणी फिरवली तेव्हा राणीच्या वाट्याला एक घमेलं आलं. इलेक्शनला मात्र सुंदरराव बिनविरोध निवडून आले. एवढा देणारा चेअरमन सोडायचा कोण?

पाडव्याच्या रात्रीच संस्थेचा काटा गुपचूप बदलला होता. कुणी बदलला, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

महिन्याभरानं वरच्या दूध संघाचे साहेब जीप घेऊन थेट गोठ्यावर आले. सुंदरराव राणीला कुरवाळत होते. साहेबांनी त्यांचा हात धरून गदागदा हलवला.

“सुंदरराव, कमाल केली तुम्ही! सगळ्या जिल्ह्याचं दूध आटलंय आन तुमच्या गावचं एकदम वाढलंय! दहा लिटर घालणाऱ्याचं दहाच्या दहा भरतंय! केलंत काय?”

“कायी न्हाई, साहेब... फेस... फेस कमी केला.”

“तुमचा जाहीर सत्कार ठरवलाय संघानं! तुमच्या बंकटरावांनी झकास कल्पना सुचवली. दरसाल पाडव्याला तुमची पेंडतुला! प्रथाच पाडायची! आन वजन संस्थेच्या नव्या काट्यावर!”

सुंदररावांचा हात सवयीनं कानावर गेला. तिथं गाजरसुद्धा नव्हतं. ते मघाशीच राणीनं खाल्लं होतं.